लढाईचा हिशेब मागणारे नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. महात्मा गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले, ज्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे व्हावे म्हणून ज्यांनी आपला देह झिजविला, ते गोखले आपणांस क्रमिक पुस्तकांतून भेटतात. परंतु त्यांच्या जीवनकार्याचा एक भाग असा आहे की, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. राज्यकर्त्यांनी आपल्या मर्जीने लढाई पुकारावी आणि तिचा खर्च रयतेने निमूटपणे भरावा, ही रीत न्यायाची आहे काय, हा प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला. ज्याच्या पैशाने आणि ज्याच्या रक्ताने लढाई लढावयाची, त्याच्या प्रतिनिधींची संमती आधी घेतली पाहिजे की नाही, हा तो प्रश्न होय. तो आजही जुना झालेला नाही. म्हणून नामदारांचे चरित्र याच एका बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पेडण्याची तेरेखोल नदी ओलांडून कोकणातून उत्तरेकडे जात राहिले की सावंतवाडी, राजापूर, रत्नागिरी ही गावे मागे पडतात आणि मग गुहागरचा मुलूख लागतो. त्या मुलखातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घर चालत असे. बंधूच्या या त्यागाची जाणीव गोपाळरावांच्या मनातून कधी गेली नाही. दुसऱ्याच्या घामाचा पैसा हाती आला म्हणजे त्यातील पै न् पैचा हिशेब द्यावा लागतो, हा धडा त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर घरातून घेतला. पुढे सरकारच्या कोट्यवधी रुपयांच्या हिशेबाकडे त्यांनी याच दृष्टीने पाहिले.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी मिळणे त्यांस अवघड नव्हते. परंतु त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक होणे पसंत केले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर अनेक वर्षे अध्यापन केले. गणिताचा त्यांस विशेष व्यासंग होता. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालत असे. याच काळात त्यांस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभला. सार्वजनिक सभेच्या कामानिमित्त रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल, ताळेबंद आणि अंदाजपत्रके यांचा कसून अभ्यास करून घेत. एखादा आकडा चुकला किंवा एखादे विधान पुराव्यावाचून केले, तर ते पुन्हा लिहावे लागे. या कडक शिस्तीत आकड्यांमागचे माणसांचे सुखदुःख ओळखण्याची विद्या गोपाळरावांच्या अंगी आली.

ती विद्या लढाईच्या प्रश्नाला कशी लागू पडली, हे समजण्यासाठी एका जुन्या कायद्याची माहिती करून घेणे अवश्य आहे. १८५७ च्या उठावानंतर ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपले आणि १८५८ च्या कायद्याने हिंदुस्थानचा कारभार इंग्लंडच्या राणीच्या नावाने सुरू झाला. त्या कायद्यात दोन कलमे लढाईविषयी होती. हिंदुस्थानात लढाई सुरू करण्याचा हुकूम धाडला गेला, तर ती गोष्ट ठरावीक मुदतीत ब्रिटिश पार्लमेंटला कळवावी, असे चोपन्नावे कलम सांगत असे. पंचावन्नावे कलम त्याहून महत्त्वाचे होते. देशावर झालेले प्रत्यक्ष आक्रमण थोपविणे अथवा परतविणे, किंवा तशीच आकस्मिक निकड, हे प्रसंग सोडले, तर हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील कोणत्याही लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून खर्च करता येणार नाही, असे त्यात नमूद होते. ग्लॅडस्टन यांच्या आग्रहाने हे कलम घातले गेले होते. वरवर पाहता रयतेच्या तिजोरीला भक्कम कुलूपच लागले होते!

पण कुलूप भक्कम असून उपयोग काय, जर किल्ली चोरून नेण्याऱ्याच्याच हाती असेल? कलमाने खर्चाला संमती मागितली होती; लढाई सुरू करण्याला नव्हे. त्यामुळे फौज आधी निघे आणि संमती मागाहून येई. नोव्हेंबर १८७८ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य शिरले आणि डिसेंबरमध्ये पार्लमेंटपुढे खर्चाचा ठराव आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौजेने मंडाले घेतले, १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले आणि पार्लमेंटची संमती त्यानंतर फेब्रुवारीत घेण्यात आली. सैन्य रणांगणात उभे असताना त्याची रसद तोडा, असे कोणते सभागृह म्हणणार? शिवाय ज्या पार्लमेंटने संमती द्यावयाची, त्या पार्लमेंटसाठी हिंदुस्थानच्या रयतेला मतच नव्हते. पैसा एकाचा आणि होकार दुसऱ्याचा, असा हा विलक्षण व्यवहार होता. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्याच अधिवेशनाने उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्यास विरोध दर्शविला होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या मोहिमांचा भार शेवटी कोणावर पडला? रुपयाचा घसरलेला भाव, १८८५ नंतर सुमारे ३०,००० नी वाढविलेले लष्कर आणि ब्रह्मदेशाचा खर्च यांमुळे सरकारी तिजोरीस ओढ लागली आणि १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. मंडालेचे नावही ज्याने ऐकले नव्हते, अशा शेतकऱ्याच्या भाकरीबरोबरच्या मिठात त्या लढाईचा हिस्सा मिसळला गेला. आपल्या गोमंतकासही मिठाच्या त्या राजकारणाची झळ ठाऊक आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर व विक्रीवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले होते आणि तो करार १८९२ मध्ये संपेपर्यंत आपल्या मिठागरांची अपरिमित हानी झाली. मिठावरील वाढीव कराविरुद्ध गोखले १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये बोलले, तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते.

आणि प्रश्न केवळ पैशाचा नव्हता, माणसांचाही होता. याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. १८९५ च्या सप्टेंबरात गोव्यातील पोर्तुगीज सैन्यात असलेल्या मराठा शिपायांना आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये बंड मोडण्यासाठी जाण्याचा हुकूम झाला. ज्या लढाईशी आपला काही संबंध नाही, तिच्यासाठी घरदार सोडून समुद्रापार जाण्यास त्या शिपायांनी नकार दिला. ते शस्त्रांनिशी सत्तरीत शिरले आणि दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. तो शमविण्यासाठी पोर्तुगालच्या राजाच्या भावास फौज घेऊन गोव्यात यावे लागले. त्या शिपायांना कायद्याची कलमे ठाऊक नव्हती. पण आम्हांला न विचारता आम्हांला मरावयास का धाडता, हा त्यांचा सवाल आणि गोखल्यांचा सवाल एकाच मुळातून उगवला होता. एकाने तो बंदूक हाती घेऊन विचारला, दुसऱ्याने ताळेबंद हाती घेऊन.

योगायोग असा की, त्याच १८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक राजकीय आयोग इंग्लंडमध्ये नेमण्यात आला. दादाभाई नौरोजी हे त्याचे एक सभासद होते. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, हिंदी सैन्य तांबड्या समुद्रावरील सुआकिन बंदरी पाठविण्यात आले. सुदानच्या त्या मोहिमेशी हिंदुस्थानचा कसलाही संबंध नव्हता. तरी सैन्याचा नित्याचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून द्यावा, असे पार्लमेंटने ठरविले. त्याविरुद्ध खुद्द व्हाइसरॉयच्या सरकारनेही तक्रार केली; पण ती मानली गेली नाही.

अशा वेळी, एप्रिल १८९७ मध्ये, डेक्कन सभेच्या वतीने गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास लंडनमध्ये उभे राहिले. त्यांस एकतिसावे वर्ष चालू होते. समोर अर्थशास्त्रात व राज्यकारभारात मुरलेले अधिकारी होते आणि उलटतपासणी कसून झाली. गोखल्यांनी आपल्या साक्षीचे तीन भाग केले होते: खर्चावर देखरेख कोणाची, खर्च वाढला कसा, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यात त्याची वाटणी न्यायाची आहे काय. त्यांची मागणी अशी होती की, हिंदुस्थानचे अंदाजपत्रक व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बाबवार मांडले जावे, लोकांच्या प्रतिनिधींना त्यावर मत नोंदविता यावे आणि त्यांचा विरोध असेल तर तो पार्लमेंटच्या एका समितीपर्यंत पोहोचावा. आज ही मागणी आपणांस फार माफक वाटेल. परंतु खर्च करण्यापूर्वी ज्याचा पैसा आहे त्यास विचारा, हे तत्त्व तिच्यात स्पष्टपणे मांडलेले होते.

याच प्रवासात त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायांनी केलेल्या अत्याचारांच्या वार्ता त्यांस पत्रांतून कळल्या व त्यांनी त्या इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केल्या. स्वदेशी परत आल्यावर त्या आरोपांचा पुरावा उभा करता येईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करण्याऐवजी त्यांनी सर्व दोष आपल्या शिरावर घेतला आणि जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांची फार निर्भर्त्सना केली. तथापि जो मनुष्य सरकारकडे हिशेब मागतो, त्याने स्वतःच्या प्रत्येक शब्दाचाही हिशेब दिला पाहिजे, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखविले.

पुढे ते प्रथम मुंबईच्या आणि नंतर व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, तर दुष्काळातही जड कर वसूल केल्याचा तो परिणाम आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले. ते कायदेमंडळ कसे होते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती. मत देण्याची नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी काही बाबींवर ठराव मांडण्याचा अधिकार आला, पण लष्करी खर्च त्यातून वगळण्यात आला. ज्या बाबीवर सर्वांत मोठा खर्च, त्याच बाबीला लोकप्रतिनिधीने हात लावावयाचा नाही, असा तो नियम होता! तरीही गोखले वर्षानुवर्षे उभे राहून लष्करावर होणाऱ्या खर्चाची मीमांसा करीत. रशिया जपानकडून पराभूत झाल्यावर त्याचे भय कमी झाले असता लॉर्ड किचनेर यांच्या लष्करी योजनांवर इतका पैसा कशासाठी, असे त्यांनी विचारले. देशाच्या रक्षणास सैन्य हवे, हे त्यांस मान्य होते. मात्र ज्या देशाच्या तरुणांना सैन्यात अधिकाऱ्याची जागा मिळत नाही, त्याच देशाने साम्राज्याच्या सैन्याचा भार वाहावा, ही विसंगती त्यांस सहन होत नसे.

हा प्रयत्न अगदीच व्यर्थ गेला असे नाही. मिठावरील कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया असा उतरत गेला. त्यामागे गोखल्यांचा सततचा पाठपुरावा होता. परंतु त्यांच्या मनातील मोठी इच्छा अपुरी राहिली. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. खर्चाची अडचण हे एक कारण पुढे करण्यात आले. लष्करासाठी न विचारता मिळणारा पैसा मुलांच्या शाळेसाठी मात्र विचारूनही मिळत नसे. लढाईचा आणि शाळेचा असा थेट संबंध आहे, हे गोखल्यांइतके स्पष्टपणे फार थोड्यांनी जाणले असेल.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या राजाने युद्ध पुकारले आणि हिंदुस्थान आपोआप त्यात ओढला गेला. सैन्य रवाना होऊ लागल्यावर सप्टेंबरात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने राजनिष्ठेचा ठराव केला आणि १८५८ च्या कलमानुसार पार्लमेंटची संमतीही घेतली गेली. प्रकृती ढासळलेले गोखले त्या वर्षाच्या अखेरीस विलायतेहून परतले आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड युद्धासाठी इंग्लंडला देण्यात आले. त्यावर टीका करणारा तो हिशेबी आवाज तेव्हा शांत झाला होता.

गोखल्यांचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केंद्रीय कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. एकदा न विचारल्याचे किती दूरवर परिणाम होतात, हे त्यावरून दिसून आले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या प्रश्नाची सोडवणूक कशी केली? सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. युद्ध पुकारण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. मात्र मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, संसदेच्या मंजुरीवाचून तिजोरीतून एक रुपयाही काढता येत नाही, आणि युद्धामुळे आणीबाणी पुकारली तर तिला दोन्ही सभागृहांची मान्यता ठरावीक मुदतीत मिळवावी लागते. ही मुदत पूर्वी दोन महिन्यांची होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती एक महिन्यावर आणली. १९६२ मध्ये चिनी आक्रमण झाले, तेव्हा २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली आणि नोव्हेंबरात संसदेने तिला मान्यता दिली.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग धरले आहेत. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार अध्यक्षास न देता काँग्रेस या विधिमंडळाकडे ठेवला. तरीही अध्यक्ष परस्पर सैन्य धाडू लागले, म्हणून १९७३ मध्ये तेथे आणखी एक कायदा करावा लागला. ब्रिटनमध्ये असा लेखी कायदा नाही. पण २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावर लष्करी कारवाई करण्याचा सरकारचा प्रस्ताव तेथील लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने २८५ विरुद्ध २७२ मतांनी नाकारला आणि पंतप्रधानांनी तो निर्णय मानला. ज्या पार्लमेंटची संमती एके काळी लढाईच्या मागून चालत असे, तेच पार्लमेंट त्या दिवशी लढाईच्या पुढे उभे राहिले.

येथे एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस विचारील की, डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने गोवा मुक्त केला, तेव्हा संसदेचे मत आधी घेतले होते काय? प्रश्न रास्त आहे. त्या कारवाईपूर्वी संसदेत तसे मतदान झाले नव्हते. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, १९ डिसेंबरला साडेचारशे वर्षांची परसत्ता संपली आणि १९६२ मध्ये १२ व्या घटनादुरुस्तीने संसदेने गोव्याच्या समावेशावर शिक्कामोर्तब केले. सर्वणच्या, डिचोलीच्या, पेडण्याच्या घराघरांत त्या दिवसाचा आनंद आजही सांगितला जातो. तेव्हा कधी त्वरा आणि गुप्तता यांचीही गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. १८५८ च्या कलमातही निकडीच्या प्रसंगाला वाट ठेवलेली होती. पण तीच वाट पुढे हमरस्ता झाली, हेही आपण पाहिले. म्हणून सोय म्हणून ठेवलेला अपवाद नियम होऊन बसणार नाही, याची दक्षता ज्यांनी घ्यावयाची, ते लोकांचे प्रतिनिधीच होत. लढाईनंतर मागितलेली संमती म्हणजे झालेल्या खर्चाची पावती; खरी संमती तीच की, जी नाकारण्याचे स्वातंत्र्य असताना दिली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, गोखल्यांच्या हाती सत्ता नव्हती, सैन्य नव्हते, साधे मतही नव्हते. होते ते फक्त अंकगणित, अभ्यास आणि निर्मळ वाणी. आपणांस वयाच्या अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळणार आहे. तो मिळविण्यासाठी त्यांच्या पिढीने आयुष्ये वेचली. आपल्या ग्रामसभेत रस्त्याचा किंवा विहिरीचा खर्च मांडला जाईल, तेव्हा तो मंजूर होण्यापूर्वी उठून नम्रपणे दोन प्रश्न विचारण्याची सवय आतापासून लावून घ्या. जो गावाच्या विहिरीचा हिशेब आधी मागतो, तोच उद्या देशाच्या लढाईचाही हिशेब वेळेवर मागू शकेल.